आंबेमाळची तुरटी

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. टोकावड्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या सगळ्या वाड्यांना हे ठाऊक आहे. लसीला भिऊन पोरं लपवणाऱ्या बाया मला लांबूनच ओळखतात. "आली गो, तोफ आली," असं एकदा मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी अनिता, उपकेंद्राची नर्स. माहेर शहापूरजवळचं सापगाव, नोकरी इकडे डोंगराच्या कुशीत. हा आवाज नसता तर निम्म्या पोरांना डोस मिळाला नसता, असं मी स्वतःला सांगायचे आणि ते खोटंही नव्हतं. त्या आवाजाची मला कधी लाज वाटली नाही. दोन हजार आठच्या मे महिन्यापर्यंत तरी नाही.

आंबेमाळ ही माझ्या हद्दीतली शेवटची वाडी. तीस-बत्तीस घरं, खाली ओढ्याकाठी एक विहीर. मे महिन्यात तिचं पाणी चहासारखं दिसतं. दरवर्षी त्या दिवसांत माझं भाषण ठरलेलं असायचं. पाणी गाळा, तुरटी फिरवा, उकळून प्या. उकळायला सरपण कुठून आणायचं, असं बाया विचारायच्या, मग मी म्हणायचे, निदान तुरटी तरी फिरवा. एवढं एक मात्र वाडीनं मनावर घेतलं होतं. प्रत्येक घरात चुलीमागच्या कोनाड्यात तुरटीचा खडा असायचा. त्याचा मला भारी अभिमान होता.

कमळूच्या मुलीची, हर्षालीची हळद होती. कमळू पन्नाशीचा, काटक, बोलायला हळू. वर्षभरापासून तो रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडवर वॉचमन होता. शेडवर पाटी खताची होती, पण एकही शेतकरी तिथून कधी खत घेऊन गेला नाही. काळ्या काचांची गाडी यायची, दोघं-तिघं आत जायचे, दरवाजा लागायचा. वाऱ्याची दिशा फिरली की मांजरानं घाण केल्यासारखा उग्र वास वाडीपर्यंत यायचा. आम्ही नाकाला पदर लावायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. चौकशी करणं माझं काम नव्हतं, असं तेव्हा वाटायचं.

कमळूला मात्र त्या नोकरीचं फार कौतुक. खाकी शर्ट त्याच्या अंगात दोन माप मोठा होता, तरी तो बटणं गळ्यापर्यंत लावून हिंडायचा. प्रामाणिकपणा तर असा, की हसू यावं. एकदा माझा थर्मामीटर त्याच्या अंगणात पडला, तर हा माणूस भर उन्हात सहा किलोमीटर चालत उपकेंद्रावर आला आणि म्हणाला, "सिस्टर, फुटला नाय ना बघा. मी हातात धरूनच आनलाय."

हळदीला मी सकाळी नऊलाच पोचले. लग्नघरात मला काम सांगायची कुणाची छाती नसते, त्यामुळे मीच सगळ्यांना कामं सांगत होते. मांडवात निळं पिंप ठेवलं होतं. बायांनी पहाटेपासून हंडे वाहून ते काठोकाठ भरलं होतं, आणि पाणी नेहमीसारखंच गढूळ.

"तुरटी कुठाय?" मी ओरडले.

बुधी, म्हणजे कमळूची बायको, कोनाडा शोधायला आत पळाली. तेवढ्यात कमळू पुढे आला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात काचेसारखे चकाकणारे तीन पांढरे खडे, सुपारीहून थोडे मोठे.

"शेडवरची हाय, सिस्टर. खाली सांडली व्हती. तो केमिस्ट बोलला झाडून टाक भायेर. मी इचारला, साहेब, ही तुरटी का? तो हसला. बोलला, हां हां, तुरटीच समज. मंग मी बोललो, टाकायची कशाला? पोरीच्या हळदीला नेतो. तो बोलला ने."

"शाबास," मी म्हणाले. माझी शाबासकी वाडीत सहसा कुणाला मिळत नाही. कमळू लाजला.

मी बांगड्या वर सारल्या, खडा मुठीत धरला आणि पाण्यात फिरवू लागले. बाया बघत होत्या, म्हणून जरा जास्तच ऐटीत. पण खडा माझ्या मुठीत विरघळायला लागला, खडीसाखरेसारखा. तुरटी अशी विरघळत नाही. एक खडा घरात दोन-दोन वर्षं पुरतो, हे सापगावच्या विहिरीवर वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको होतं. तिथंच मी हात बाहेर काढायला हवा होता.

मी म्हणाले, "भेसळीची दिसते. दुसरा दे."

दुसराही विरघळला. अर्धा तास झाला तरी गाळ बसला नाही. मी विहिरीला नावं ठेवली, मातीला नावं ठेवली. शेवटी सकुबाई म्हणाली, "जाऊं दे गो सिस्टर, सरबताला चालंल. केशरी रंगात गाळ कोनाला दिसतोय?" सकुबाई सत्तरीची, हर्षालीची आजी. बायांनी साखर ओतली, लिंबं पिळली, रंगाच्या पुड्या फोडल्या. तिसरा खडा कमळूनं पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला.

मी सरबत घेतलं नाही. सरबतानं माझा घसा बसतो. मी चहा प्यायले.

"कडू लागतंय जरा," कुणीतरी म्हणालं. "बिया रगडल्या असतील लिंबाच्या," दुसरीनं उत्तर दिलं. उन्हातून आलेली माणसं दोन-दोन, तीन-तीन ग्लास प्यायली. बेंजो सुरू झाला. हर्षालीला पाटावर बसवून हळद लावली, मग तिलाही मैत्रिणींनी सरबत पाजून नाचायला ओढलं.

आधी सगळं मजेतच वाटलं. सकुबाई कमरेवर हात ठेवून नाचायला लागली, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. अर्धा तास झाला, तासभर झाला, ती थांबेना. कुणीच थांबेना. बेंजोवाले दमले, त्यांनी वाजवणं बंद केलं, तर लोक नुसत्या टाळ्यांवर नाचू लागले. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. बुधीनं दोनदा हाक मारली, "जेवान झालंय गो, पंगत धरा." पंगतीला एक माणूस बसला नाही. एवढ्या वर्षांत मी आंबेमाळच्या हळदीत असं कधी पाहिलं नव्हतं. भात निवत होता आणि कुणाला भूक नव्हती.

माझ्या जिवाला तेव्हाच घोर लागला. मी उठत होते, बसत होते. काय चुकतंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चुकतंय हे नक्की कळत होतं.

मग हर्षालीनं गळ्यातला हार तोडला. अंगावरची हळद नखांनी ओरबाडू लागली. "मुंग्या हायेत आये, मुंग्या," असं ओरडत ती मांडवभर धावली आणि धाडकन पडली. दातखिळी बसलेली, पाय ताठ. पाठोपाठ तिच्या दोन मैत्रिणी खाली बसल्या आणि ओकू लागल्या. सकुबाई कुडाकडे तोंड करून मेलेल्या नवऱ्याशी भांडायला लागली.

"वारं आलंय," धाऊ म्हणाला. धाऊ वाडीचा भगत. "कुळाचा मान राहिलाय. घोंगडी घाला पोरीवर, धुनी करा."

कुणीतरी खरंच घोंगडी आणली. पोरीला त्यात गुंडाळलं आणि हातभर अंतरावर धुनी पेटवली. मी गर्दीतून आत घुसले आणि तिच्या कपाळाला हात लावला. तव्याला लागावा तसा चटका बसला. थर्मामीटर काखेत लावला. पारा एकशे पाचाच्या पुढे.

"काढा ती घोंगडी!" मी अशी ओरडले की धाऊसुद्धा दोन पावलं मागे सरला. "धुनी विझवा! लुगडी भिजवा, चादरी भिजवा, मिळेल ते पाणी अंगावर ओता. जीपवाल्या अनंताला सांगा, जीप काढ!"

बायांनी घरातली हंडाभर पाण्याची शिल्लक आणून पोरींवर ओतली. मे महिन्यात आंबेमाळमध्ये हंडाभर पाणी ओतणं काय असतं, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी हर्षालीच्या डोळ्यांच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे नुसते काळे दिसत होते. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर त्या टाचणीएवढ्या झाल्या असत्या. धोतऱ्याचं बी असतं तर अंग कोरडं पडलं असतं, आणि ही घामानं निथळत होती. ऊन म्हणावं तर आजारी पडलेल्यांतल्या दोघी सकाळपासून सावलीत होत्या.

कोणाला काहीच झालं नव्हतं? मला. धाऊला, कारण त्याचा कडक उपास होता. बेंजोवाल्यांना, कारण त्यांनी स्वतःच्या बाटल्या आणल्या होत्या. कमळू-बुधीला, कारण कामाच्या धांदलीत त्यांना घोटभर प्यायलाही सवड नव्हती, आणि अनंता तर आत्ताच आला होता. आम्ही कुणीच सरबत घेतलं नव्हतं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. मुठीत विरघळणारा खडा आठवला, न बसलेला गाळ आठवला, 'दुसरा दे' म्हणणारा माझा आवाज आठवला. हे मी लपवणार नाही. मला कळलं, आणि कळल्याबरोबर मी वळले आणि भर मांडवात बोट दाखवून ओरडले, "कमळू! काय घातलंस रे पाण्यात?"

काय घातलंस, असं. काय घातलं आपण, असं नाही.

मांडवातले सगळे कमळूकडे वळले. मग कुणीतरी म्हणालं, "शेडवरचा इख आनला यानं." दुसरा म्हणाला, "स्वोताच्या पोरीला बी नाय सोडला." दोघं-तिघं त्याच्याकडे सरकले.

कमळू लेकीच्या पायाशी बसला होता. तो उभा राहिला. "तुरटी हाय, सिस्टर."

"खोटं बोलू नको! तुरटीनं माणसं अशी होतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. तुमीच फिरवलीत, सिस्टर, तुमच्या हातानं. तीस बाया साक्षीला होत्या. तो ते बोलला नाही. का बोलला नाही, हे मी आज इतक्या वर्षांनीही सांगू शकत नाही. नर्सबाईला भर मांडवात उलटं बोलायचं त्याच्या रीतीत बसत नसेल. किंवा खोटारडा म्हटल्यानंतर त्याला दुसरं काही सुचलंच नसेल.

त्यानं शर्टाचं बटण काढलं, खिशातून पिशवी काढली आणि तिसरा खडा वर धरून सगळ्यांना दाखवला.

"ही बघा. तुरटीच हाय." आणि त्यानं तो तोंडात टाकून कडकन फोडला.

तुरटीची चव कुणाला ठाऊक नसते? जीभ आत ओढली जाते, गाल आवळतात. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. पहिल्याच चाव्याला त्याला समजलं. ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. ती तुरटी नव्हती. थुंकायला वेळ होता. पण समोर त्याचं अख्खं गाव उभं होतं, पायाशी लेक पडली होती आणि थुंकला असता तर तो खोटा ठरला असता. मी "थुंक!" म्हणाले. म्हणाले असेन. त्या दिवसभरात माझा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

कमळूनं चावून चावून खडा गिळला.

"बघा," तो म्हणाला. पण हळू.

अनंताच्या जीपमध्ये आम्ही हर्षालीला, तिच्या मैत्रिणींना आणि सकुबाईला घातलं. बुधी मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कमळूच्या घशात मी बोटं घालून पाहिली, मिठाचं पाणी पाजलं, पण उलटी म्हणावी तशी झाली नाही. तो म्हणत होता, "मना काय झाला नाय. पोरीकडं बघा."

जीप निघाली आणि कमळू बोलायला लागला. वर्षभरात ऐकलं नव्हतं एवढं मी त्याचं बोलणं त्या पाऊण तासात ऐकलं. शेडमध्ये काचेचे मोठे चंबू होते. माणसं तोंडाला फडकी बांधून काम करायची. ट्रेमध्ये पाणी सुकून असे खडे व्हायचे, ते पुड्या करून मुंबईला जायचे. एकदा दोघं बोलत होते, हे घेतलं की पोरं रात रात नाचतात, झोप नाय, भूक नाय. कमळूला वाटलं थट्टा चाललीय. मी विचारत होते, तो सांगत होता आणि मी एकेक शब्द डोक्यात घट्ट बसवत होते. मधेच तो विचारायचा, "सिस्टर, पोरगी वाचंल ना?" मी म्हणायचे, "वाचेल." आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा, भराभर, श्वास न घेता. मांडीवर मूठ आपटत होता. कानशिलावरची शीर दोरीसारखी उडत होती.

टोकावड्याला अनंतानं ढाब्यावर जीप थांबवली. कोल्ड्रिंकच्या पेटीतला होता नव्हता तो सगळा बर्फ गोणपाटात भरून आणला. मी तो पोरींच्या मानेला, काखेत लावला. कमळूपुढे तुकडा धरला तर त्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि हर्षालीच्या पायाला लावला.

टोकावडं मागे पडलं आणि त्याला झटके सुरू झाले. एक, मग दुसरा, मग थांबेचनात. जीपच्या फळीवर मी त्याचं डोकं धरून बसले होते. त्याच्या अंगाची आग माझ्या साडीतून लागत होती. सगळा बर्फ त्याच्यावर टाकला. बुधीला हलता येत नव्हतं, तिच्या मांडीवर मुलगी होती. ती नुसती म्हणत होती, "धरा त्याला, सिस्टर, धरा." मुरबाड दिसायला लागलं तेव्हा माझ्या हातांतलं डोकं थंड नव्हतं झालं, पण जड झालं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. मी कमळूचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. फडकी, चंबू, मुंबई, रात रात नाचणारी पोरं, झोप नाही, भूक नाही. त्यांनी हर्षालीच्या बाहुल्या पाहिल्या. मग म्हणाले, "म्हणजे पार्ट्यांमधली नशा. कृत्रिम उत्तेजक. इथं?" लगेच त्यांनी झोपेची इंजेक्शनं काढली, सलाईन लावलं, पंखे लावले, ओल्या चादरी गुंडाळल्या. हर्षाली चौथ्या दिवशी शुद्धीवर आली आणि पाणी मागितलं. मैत्रिणी वाचल्या, सकुबाई वाचली, वाडीत राहिलेल्यांची नशा रात्रीपर्यंत आपोआप उतरली. पहिल्याच रात्री डॉक्टर मला म्हणाले होते, "काय पोटात गेलंय ते कळलं नसतं, तर मी उष्माघात समजून बसलो असतो. बरं झालं तुम्ही विचारून ठेवलंत." मी त्यांना सांगितलं होतं, मी काही केलं नाही, सांगणारा मागच्या खोलीत झाकून ठेवलाय.

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्याचे जमादार आंबेमाळला आले. शेड तोवर रिकामी झाली होती. निळी पिंपं आणि वास, एवढंच उरलं होतं. त्याच मांडवात पाटावर बसून जमादारांनी कागद लिहायला घेतला. मांडवाचे टहाळे वाळून करडे झाले होते, पण ते कुणी उतरवले नव्हते. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे माझ्यासाठी लिहून ठेवते. खडा मी फिरवला, दुसरा मी मागितला, आणि कमळूनं तो विचारून आणला होता.

जमादारांनी पेन थांबवलं. "सिस्टर, तुमची नोकरी किती वर्षं राहिली? आणि विचारून आणला याला साक्ष कोण? केमिस्ट? तो सापडला तर मीच हार घालीन त्याला. सरकारी नर्सनं पाण्यात विष ढवळलं असं लिहिलं, तर उद्या तुमच्या हातून लस कोण घेईल? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

मला दोन मुलं आहेत. धाकटा तेव्हा सातवीत होता. जमादारांनी कागद पुढे केला, मी वाचला आणि सही केली. त्या दिवशी मला ओरडता आलं असतं. एरवी पोलिओच्या दोन थेंबांसाठी वाडी डोक्यावर घेणारी मी, तिथं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

एक प्रत बुधीच्या हातात देऊन ते गेले. बुधी तो कागद उलटा धरून बसली होती. मग माझ्याकडे सरकली.

"सिस्टर, काय लिवलाय? वाचून दावा."

मी कागद घेतला. माझ्या डोळ्यांना अक्षरं दिसत होती, पण मी ती वाचली नाहीत. मी म्हणाले, "लिहिलंय की, नर्सनं स्वतःच्या हातानं खडा पाण्यात फिरवला. एक विरघळला तरी तिला कळलं नाही. तिनं दुसरा मागितला. कमळूचा काही दोष नव्हता."

बुधीनं कागदावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"ता मना ठावा हाय, सिस्टर," ती म्हणाली. "मी तितंच उभी व्हती. त्यांनी काय लिवलाय, ता वाचा."

मग मी वाचलं. मयत इसम कमळू याने कामाच्या ठिकाणावरून विषारी पदार्थ चोरून आणून.

"चोरून?"

"चोरून."

तिनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं, अगदी खाली, जिथं शाई अजून ओली वाटत होती.

"आनि ही सही कोनाची हाय?"